खटका

शिडीचा खटका तुटला तेव्हा बारकी सगळ्यात वरच्या पायरीवर होती. दुपारच्या कार्यक्रमाचा फलक कारखान्याच्या शेडच्या आडव्या खांबाला बांधत होती. सुतळीची गाठ ओढली आणि पायाखालून बाटलीचं झाकण उडावं तसा आवाज आला. शिडीचे दोन्ही पाय फाकले. ती पडली ती रिकाम्या खोक्यांच्या ढिगावर, म्हणून हाडं शाबूत राहिली. नडगी मात्र सोलवटून निघाली.

शेडमध्ये त्या वेळी दुसरं कुणी नव्हतं. बारकी उठली, कपडे झटकले आणि आधी वर बघितलं. अर्धवट बांधलेल्या फलकावर तिनंच सुचवलेली ओळ होती, ‘आमचं अख्खं घर हिच्यावर उभं आहे.’ खाली घरातल्या सगळ्यांचा एकाच शिडीवर उभं राहून काढलेला फोटो. सगळ्यात वर तिचे वडील, आप्पा, दात दाखवून हसत.

तिनं आडवी पडलेली शिडी उलटी केली. दोन्ही पाय जागेवर धरून ठेवणारा सांध्यावरचा नवा खटका मधोमध तुटला होता. तुटल्या जागी धातू मिठाच्या खड्यासारखा दाणेदार दिसत होता. आप्पांचा जुना खटका जाड पोलादी पट्टीचा असायचा. तो वाकायचा, कुरकुरायचा, पण असा तुटायचा नाही. या हंगामापासून थोरल्या भावानं ओतीव खटके घ्यायला सुरुवात केली होती. हलके, चकचकीत, फोटोत सुरेख दिसणारे.

भिंतीला टेकवलेल्या तयार शिड्यांकडे ती गेली. पहिल्या काही ठीक होत्या. मग एकीच्या खटक्यावर तिच्या बोटाला काहीतरी खरखरीत लागलं. तिनं शिडी उजेडाकडे वळवली. केसाएवढी चीर होती.

तिनं ती शिडी बाजूला आडवी ठेवली आणि केबिनकडे गेली.

थोरला काचेच्या केबिनमध्ये फोनवर होता. तिचा चेहरा बघून त्यानं फोन ठेवला.

“दादा, खटका तुटला. मी वर होते.”

“लागलं का तुला?” तो खुर्चीतून उठलाच. वाकून तिचा पाय बघितला, खिशातला रुमाल काढून नडगीला बांधला. आणि मग दार लावून घेतलं. आधी रुमाल, मग दार. बारकीनं हा क्रम मनात जपून ठेवला. पुढे दिवसभर त्याचा राग येत असताना तिला तो उपयोगी पडला.

“एखादा पीस निघतो असा,” तो म्हणाला.

“अजून एकात चीर आहे.”

“चीर की ओरखडा?”

“दादा!”

थोरला खुर्चीत बसला. “आप्पांना बोललीस?”

“आधी तुझ्याकडे आले.”

“मग आजचा दिवस कळ काढ. दुकानदार निघालेत. तुला माहीत आहे ना, त्या मोठ्या कंपनीनं आपली निम्मी दुकानं गिळलीत. आजचे लोक हात हलवत परत गेले तर पुन्हा या फाटकातून आत येणार नाहीत. संध्याकाळ झाली की मी स्वतः एकेक खटका तपासतो. शब्द देतो तुला.”

“आणि गेल्या आठवड्यात गावातल्या दुकानांत पाठवल्या त्या?”

त्यानं टेबलावरचे कागद सरळ केले.

“त्या कुणाच्या घरी असतील, दादा. कुणीतरी या क्षणी वर चढलेलं असेल.”

“नसतील विकल्या अजून.”

“कशावरून?”

“नसतील म्हटलं ना!” त्याचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. “बारके, हे खटके कोणी ओतले तुला ठाऊक आहे. तू आज तोंड उघडलंस तर त्याची भट्टी बंद होईल, आणि वर माझ्या घरात काय पेटेल ते वेगळंच. थोडा माझा विचार कर.”

खटके ओतले होते वहिनीच्या भावानं. घरात त्याला मागे सगळे ‘होईल-हो’ म्हणत, कारण काहीही विचारलं तरी त्याचं उत्तर तेच. माल वेळेत होईल का? होईल हो. मजबूत होईल का? होईल हो. माणूस वाईट नव्हता. नाही म्हणायला लाजायचा, इतकंच.

*

जेवण वरच्या मजल्यावर होतं. खाली कारखाना, वर घर, अशी ती इमारत आप्पांनी बांधली तेव्हापासून. जेवताना खालच्या यंत्रांची धडधड ताटांना जाणवायची. आज यंत्रं बंद होती, त्यामुळे प्रत्येकाचं चावणंसुद्धा ऐकू येत होतं.

आप्पा नव्या शर्टात बसले होते. रेडिओवरच्या जाहिरातीत त्यांचाच आवाज असायचा, आणि त्यामुळे गावात त्यांना भाजीवालासुद्धा ओळखायचा. “मी वर चढलो ना की बारके तू माझ्या हातात भोंगा दे,” ते म्हणाले. “वरूनच बोलतो. म्हातारा एवढ्या वर उभा राहून बोलतोय म्हटल्यावर शिडीची वेगळी तारीफ कशाला करायची?”

आई म्हणाली, “उतरताना धाप लागते तुम्हाला. तेही भोंग्यावरून ऐकू येईल.”

होईल-हो खदखदून हसला. थोरल्यानं मान वर केली नाही.

“आप्पा,” बारकी म्हणाली, “तुम्ही आज चढायचं नाही.”

आणि तिनं सगळं सांगितलं. आवाज, खोकी, चीर. पुरावा म्हणून पाय पुढे केला, तसा आईनं घास ताटात ठेवला.

होईल-हो हसतच होता, पण हसू आता ओठांवर चिकटून राहिलं होतं. “बारकीताई, अहो, ओतीव मालात वरून अशी रेघ दिसतेच. आत काही नसतं.”

“मी पडले ते रेघेवरून पडले का?”

“सुतळी ओढताना तोल गेला असेल,” वहिनी म्हणाली. ती वाढायला उठली होती, ती डाव हातात घेऊन तशीच उभी राहिली. “माझ्या माहेरचं काही या घरात आलं की त्यात चीर दिसतेच. मीही आले तेव्हा दिसली होती.”

“वहिनी, मी तुमच्याबद्दल—”

“नाही कसं? चुकून एखादं चांगलं काम माझ्या भावाच्या हातून झालं तर कुणाला पचत नाही इथे.”

आप्पांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. सगळे थांबले. या घरात वाद कितीही चढला तरी तो पेला ठेवला की थांबायचा.

“थोरल्या,” ते म्हणाले. “कारखाना तू बघतोस. माल कसा आहे?”

थोरल्यानं ताटाची कड अंगठ्यानं पुसली. बारकी त्याच्याकडे बघत होती. वहिनीही बघत होती.

“एक पीस होता, आप्पा,” तो म्हणाला. “बाकी माल चांगला आहे.”

“झालं तर मग.” आप्पा उठले. जाता जाता त्यांनी बारकीच्या डोक्यावर हात ठेवला. “पडलीस, घाबरलीस. होतं असं.”

त्या हातानं बारकीला नडगीपेक्षा जास्त लागलं.

*

वहिनी ताटं घेऊन मागच्या मोरीत गेली. नळ सोडला. पाण्याचा आवाज होऊ दिला आणि फोन लावला.

तिच्या भावानं मोठ्या कौतुकानं नव्या मालातली पहिली शिडी आपल्या आईकडे, माईकडे, नेऊन दिली होती. माईला दर चार दिवसांनी माळ्यावरचं काहीतरी काढायची हौस. सत्तरी ओलांडली तरी कुणाला हाक मारायची नाही.

फोन वाजत राहिला. माईनं उचलला नाही. वहिनीच्या डोळ्यांपुढे माळा आला, माळ्याखालची फरशी आली. तिनं पुन्हा लावला. पुन्हा नुसती घंटी. मग तिसऱ्यांदा लावला.

“कोण?” माईचा आवाज आला.

“माई, कुठे होतीस?”

“अगं, बाहेर बसले होते. काय झालं?”

“काही नाही. माई, त्या शिडीवर चढू नकोस. अजिबात. नाही... झालं काही नाही. पण चढू नकोस. पलंगाखाली सरकव. शेजारच्यांनी मागितली तरी देऊ नकोस. माझी शपथ आहे तुला.”

फोन ठेवून ती वळली. दारात सासू उभी होती, हातात खरकट्या वाट्या.

वहिनीला वाटलं, आता बोलणी बसणार. पण आईनं वाट्या मोरीत ठेवल्या, नळ बंद केला आणि कट्ट्याला टेकून उभी राहिली.

“बरं केलंस,” ती म्हणाली. “आईला कळवलंस.”

वहिनीनं ओला फोन कपड्याला पुसला.

“आता माझ्या नवऱ्याला कोण कळवणार?”

“आई, तो माझा भाऊ आहे हो,” वहिनी म्हणाली. “मला म्हणाला होता तो. थोडा हलका धातू घालतोय, कुणाला कळत नाही, सगळेच घालतात. मी म्हटलं असेल बाई. मला त्यातलं काय कळतं?”

“मघाशी बारकीवर तुटून पडलीस तेव्हा तर बरंच कळत होतं.”

वहिनीनं दोन्ही हात तोंडावर घेतले. सासू तिच्याजवळ आली, पण जवळ घेतलं नाही.

“तिकडे तुझा भाऊ. इकडे माझा नवरा, माझा मुलगा, माझी मुलगी. मी तरी कुणाच्या बाजूनं उभी राहू, सांग? मला एवढंच कळतं, तू माईला जे सांगितलंस ते सगळ्यांना सांगण्यासारखं होतं. खाली लोक जमायला लागलेत. हे माझं ऐकणार नाहीत. तुझा नवरा तुझं ऐकेल.”

वहिनी जिन्याकडे धावली. ओल्या हातांतून कठडा सारखा निसटत होता.

*

अंगणात मांडव घातला होता. गावातले, आसपासचे दुकानदार खुर्च्यांवर बसले होते. मधोमध नवी शिडी उभी होती. बारकीनं मांडणीच्या वेळी तिचा खटका पुन्हा पुन्हा चाचपला होता. चीर दिसली नव्हती. पण आतलं कुणाला दिसतं?

भोंगा तिच्या हातात होता. आप्पांची ओळख करून द्यायची होती. ती बोलायला उभी राहिली आणि शब्दच फुटेना. लोकांना वाटलं, भोंगा बिघडला. कुणीतरी म्हणालं, “खालचं बटण दाबा.” आप्पांनी तिची वाट न बघता शिडीवर हात ठेवला.

वहिनी गर्दीतून वाट काढत थोरल्याजवळ पोचली. धाप लागली होती तिला.

“अहो, मी माईला फोन केला. तिला चढू नको म्हटलं.”

एवढंच. थोरल्यानं तिच्याकडे बघितलं. तिनं मान खाली घातली. जेवणाच्या टेबलावर दोघांनी मिळून उभी केलेली भिंत तिनं स्वतःच्या हातानं पाडली होती.

आप्पांचा पाय पहिल्या पायरीवर गेला.

“आप्पा!” थोरला पुढे झाला. “मी चढतो.”

“तू?”

“कारखाना मी बघतो ना? मीच चढतो.”

त्याला खरं तर बोलायचं होतं. पण जीभ उचलेना आणि पाय मात्र उचलले गेले. त्यानं आप्पांना बाजूला केलं आणि चढायला लागला. पहिली पायरी. दुसरी. लहानपणापासून तो शिड्यांवर वाढला होता, पोरं झाडावर चढतात तसा माकडासारखा चढायचा. आज प्रत्येक पायरीवर त्याला कान लावून थांबावंसं वाटत होतं. तळहात घामानं निसटत होते. बारकी वर होती तेव्हा तिला काय ऐकू आलं असेल? आधी ऐकू येतं, की आधी पडतो माणूस?

तो वर पोचला. खटका टिकला.

टाळ्या झाल्या. त्यानं खाली बघितलं. शिडीचा एक पाय आप्पांनी दोन्ही हातांनी धरला होता. चेहऱ्यावर हसू नव्हतं. पोरगा स्वतःहून पुढे झाला तेव्हाच म्हाताऱ्याला काय ते कळलं होतं. दुसरा पाय बारकीनं धरला होता, भोंगा जमिनीवर टाकून. तिच्या शेजारी गुडघे टेकून वहिनी. आई जिन्यातून येत होती, तिनंही येऊन हात लावला. ज्यांना ठाऊक होतं ते सगळे शिडी धरून उभे होते. ज्यांना ठाऊक नव्हतं ते टाळ्या वाजवत होते.

होईल-हो मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. तो टाळ्या वाजवत नव्हता.

थोरला उतरला. जमिनीवर पाय टेकल्यावर आप्पांनी त्याचा दंड धरला. पुढच्या रांगेतला एक जाडा दुकानदार उठून म्हणाला, “वा! आमच्याकडे गाडीभर पाठवा.”

थोरल्यानं जमिनीवरचा भोंगा उचलला.

“ही शिडी घेऊ नका,” तो म्हणाला.

लोक हसले. त्यांना वाटलं, जाहिरातीतलीच काही गंमत.

“हसू नका. हिचा खटका तुटतो. आज सकाळी माझी बहीण पडली. ती आम्हाला जीव तोडून सांगत होती आणि मी वडिलांशी खोटं बोललो. तुमच्या दुकानात आहेत त्या विकू नका. विकल्या असतील तर कुणाला, ते आत्ता सांगा. आत्ताच.”

मग मात्र गलका उठला. जाडा दुकानदार म्हणाला, “म्हणजे आम्हाला तमाशा बघायला बोलावलं होतं?” कुणी उठून फाटकाकडे चालू लागलं. कुणी म्हणालं, आमच्याकडच्या तशाच पडून आहेत, देव पावला. होईल-हो थोरल्याजवळ येऊन दबल्या आवाजात म्हणाला, “भावोजी, हे काय केलंत? मला उभं जाळलंत.”

वहिनीनं त्याचं मनगट पकडलं. “तू इथे बस. फोन काढ. आणखी कुणाकुणाला दिलेत हे खटके, सगळ्यांना लाव.”

“ताई, अगं—”

“होईल हो म्हण,” वहिनी म्हणाली. “एकदा तरी खरं म्हण.”

आप्पांनी मुलाच्या हातून भोंगा घेतला. रेडिओवरचा तोच आवाज, पण चिरलेला. “बसा. कुणी जाऊ नका. माल आमचा, चूक आमची, परत न्यायला गाडीही आमचीच येईल. आधी विकलेल्या शिड्यांचं सांगा.”

एक हार्डवेअरवाली बाई मागून म्हणाली, “मी काल एक दिलीय. पाट्या रंगवतात ना ते काका, त्यांना. चौकातल्या औषधांच्या दुकानाची पाटी आहे, आज दुपारी करणार म्हणत होते.”

थोरला आणि बारकी एकदमच गाडीकडे पळाले.

*

चौक फार लांब नव्हता. पण आज प्रत्येक सायकलवाला मध्ये येत होता. दोघंही बोलत नव्हते. बारकी पुढच्या काचेला नाक लावून बसली होती. एका कोपऱ्यावर माणसं गोळा झाली होती, तिनं डोळेच मिटले.

“भाजीची गाडी आहे,” थोरला म्हणाला.

औषधांच्या दुकानासमोर शिडी उभी होती. वरच्या पायरीवर एक वयस्क माणूस, कमरेला रंगाचा डबा टांगलेला. शेवटच्या अक्षरापर्यंत हात पोचावा म्हणून एका बाजूला पार कललेला. एक पाय हवेत.

थोरल्यानं गाडीतून उडी मारली आणि ओरडायला तोंड उघडलं. बारकीनं मागून त्याचा शर्ट खेचला. “ओरडू नकोस. दचकेल.”

मग दोघं चालत गेले. दुकानात काहीतरी घ्यायचंय असे. त्यानं इकडचा पाय धरला, तिनं तिकडचा. थोरल्यानं मान वर केली. उन्हात खटका चमकत होता, आणि त्याच्या मधोमध काळी रेघ होती. काका जरासे कलले की ती रेघ रुंद व्हायची, सरळ झाले की मिटायची.

“काका,” थोरला म्हणाला. आवाज आपलाच आहे की नाही हे त्याला कळेना.

“कोण ते?”

“शिडीवाले आम्ही.”

“अरे वा! झकास आहे हो शिडी. जराही हलत नाही.”

“हो. आता खाली या. सावकाश.”

“एवढा काना ओढतो आणि येतो.”

“काका, नको,” बारकी म्हणाली. “काना राहू द्या. हलका पाय टाका. आधी तो हवेतला खाली घ्या. हां. आता दुसरा.”

तिच्या आवाजात काहीतरी होतं. काकांनी खाली बघितलं, दोघांचे चेहरे बघितले आणि निमूट उतरायला लागले. दोन पायऱ्या उतरले असतील, तेवढ्यात वर बारीक ‘टिक’ झालं. थोरल्यानं अंगातलं सगळं बळ दंडात आणून आपल्याकडचा पाय आत दाबून धरला. रंगाचा एक ओघळ त्याच्या कपाळावरून डोळ्यात उतरला. त्यानं डोळा मिटला, हात सोडला नाही.

काकांची चप्पल रस्त्याला लागली. “झालं काय पण? भूत बघितल्यासारखे काय करताय?”

शिडीवर आता कुणी नव्हतं, तरी थोरला ती धरूनच होता. बारकीनं त्याची बोटं एकेक करून सोडवली. मग काकांना हात धरून दुकानाच्या पायरीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांचा हात आपोआप कमरेच्या डब्याकडे गेला, तो सांडला नाही ना बघायला. मग त्यांनी वर पाटीकडे बघितलं.

फोन वाजला. वहिनी होती.

“सापडले,” बारकी म्हणाली. “खाली आहेत. धडधाकट आहेत.”

पलीकडे वहिनीनं ते मोठ्यानं सगळ्यांना सांगितलं. आईचा हुंदका ऐकू आला. मग वहिनी पुन्हा फोनवर आली. “एक शिडी शाळेनं नेली होती. तिथे बोलणं झालं. शिपायानं ती आडवी केलीय आणि तिच्यावर बसून राहिलाय, कुणाला हात लावू देत नाही. पण बारके, अजून एक आहे.”

“कुणाकडे?”

“नाव नाही माहीत. बाई होती एक. नदीकडच्या वस्तीत राहते एवढंच बोलली दुकानात. घराला रंग द्यायचाय म्हणाली.”

बारकीनं थोरल्याकडे बघितलं. त्याला ऐकू आलं होतं. त्यानं तुटकी शिडी गाडीत टाकली, रंगाचा डोळा बाहीनं पुसला आणि चालकाच्या जागी बसला.

नदीकडची वस्ती म्हणजे अरुंद गल्ल्या, दोन्ही बाजूंना दाटीवाटीनं घरं, निम्म्या भिंती सोललेल्या. पहिल्या गल्लीच्या तोंडाशी थोरल्यानं गाडी अगदी सावकाश केली.

“डावीकडची तू बघ,” तो म्हणाला.

बारकीनं काच खाली केली. डावीकडची दारं, खिडक्या, छपरं ती बघू लागली. तो उजवीकडची.